जळगावहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं सोनं धुवायचं ठिकाण आहे का? (लेकीसाठी विचारतोय)

मेहरूणकर

नमस्कार मंडळी. मी जळगावचा, एमआयडीसीत शिफ्टमधे काम करतो, रविवार तेवढा मोकळा असतो. माझा आतेभाऊ न्यूझीलंडला राहतो, तिकडे ॲरो नावाची नदी आहे, तिथं सुट्टीच्या दिवशी लोक डबा घेऊन जातात आणि प्लास्टिकच्या परातीत नदीची रेती धुऊन त्यातून सोन्याचे कण काढतात. गव्हर्मेंटनेच काही जागा त्यासाठी मोकळ्या ठेवल्यात म्हणे, अट एवढीच की हाताची अवजारं वापरायची, मोटर लावायची नाही. भाऊ दिवसभर बसला तरी त्याला मोहरीएवढं पण मिळत नाही, पण त्याची पोरं नदी सोडायला तयार नसतात. दिवाळीत आला तेव्हा तसलीच एक हिरवी परात माझ्या लेकीला देऊन गेला.

लेक सातवीत आहे. तेव्हापासून रोज एकच, पप्पा कधी जायचं. आणि तिने एक प्रश्न विचारला त्याचं उत्तर मला देता आलं नाही. ती म्हणाली आपल्या जळगावला सगळे सोन्याचं गाव म्हणतात, लांबून लांबून लोक लग्नाचं सोनं घ्यायला इथं येतात, मग आपल्या गिरणेत सोनं का नाही?

तर जाणकारांनी सांगा. गिरणा, तापी, वाघूर, नाहीतर सातपुड्यातून येणारे नाले, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल असं कुठे सोनं मिळतं का? कण असला तरी चालेल, विकायचं वगैरे काही डोक्यात नाही. आणि असं करायला परवानगी लागते का, सामान काय लागतं? मला यातलं काहीच कळत नाही, पण पोरीला उगाच नदीवर नेऊन खोटं सांगायचं नाहीये.

दगडवेडा धुळे

आम्हनी पांझरामा सोनं नही शे भाऊ, पन दगड बठ्ठा भारी शेतस :)

आता नीट सांगतो. मी भूगोलाचा मास्तर, वीस वर्षं झाली दगड गोळा करतोय. तुमच्या मुलीचा प्रश्न एकदम बरोबर जागेवर आहे आणि त्याचं उत्तर पायाखालच्या दगडात आहे. आपला खान्देश म्हणजे बहुतेक सगळा काळा पाषाण, बेसाल्ट. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि थंड झाले, त्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात. या दगडात सोनं नसतंच असं नाही, पण टनामागे काही मिलिग्रॅम, ते पण सगळीकडे विखुरलेलं. सोनं गोळा व्हायला लागतात त्याच्याहून कितीतरी जुने खडक, त्यांच्या भेगांमधून गरम पाणी फिरलेलं असावं लागतं, त्या भेगांत पांढरी गार (क्वार्ट्झचा दगड) जमते आणि गारेबरोबर सोनं बसतं. मग कोट्यवधी वर्षं तो डोंगर झिजतो आणि ते कण नदीत येतात. कर्नाटकात कोलार, हट्टी इथले खडक तसले आहेत. कोलारची खाण २००१ ला बंद झाली, हट्टीची चालू आहे. झारखंडची सुवर्णरेखा, छत्तीसगडमधे जशपूरकडच्या नद्या, केरळात निलंबूरला चालियार, तिथं लोक पिढ्यानपिढ्या रेती धुऊन सोनं काढत आलेत. आपल्या महाराष्ट्रात नागपूर-भंडाऱ्याकडच्या जुन्या खडकांत सोन्याच्या नोंदी आहेत. शासनाच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंडांखाली 'सोनझारी झरेका' असं नाव सापडेल, नावातच धंदा आहे.

आता आपल्या नद्या घ्या. गिरणा सह्याद्रीत उगम पावते, कळवणकडे, तिथून जळगावपर्यंत ती काळ्या दगडातूनच येते. पांझरा तशीच. वाघूर अजिंठ्याच्या डोंगरातून, ती पण तशीच. म्हणजे या तिघींच्या वाटेत सोन्याचं माहेरच कुठे लागत नाही. तापीची गोष्ट जराशी वेगळी, ती मुलताईला उगम पावते आणि बैतूल जिल्ह्यात जुन्या खडकांच्या भागातून पण वाहते, त्यामुळे तिच्या रेतीत इतर नद्यांपेक्षा जरा वेगळी खनिजं सापडतात. पण म्हणून भुसावळला उतरून परात बुडवली की सोनं लागेल असं मी तुम्हाला सांगणार नाही. खान्देशात तापीची रेती धुऊन कुणाचं घर चाललंय असं मी म्हाताऱ्या माणसांकडूनही कधी ऐकलं नाही, आणि सोनं असतं तर आपल्या लोकांनी ते सोडलं नसतं.

अजून एक, अफवांपासून लांब राहा. २०२० च्या फेब्रुवारीत यूपीच्या सोनभद्रला ३००० टन सोनं सापडलं म्हणून टीव्हीवर दोन दिवस गोंधळ चालला होता, मग भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने खुलासा केला की अंदाज १६० किलोचा आहे. आमच्या गावात त्या दोन दिवसांत चार जण तिकडे जायच्या गोष्टी करत होते.

पण परात टाकून देऊ नका हो. मी उलट म्हणेन जाच. सोन्याशिवाय पण धुण्यात खूप काही आहे, संध्याकाळी सविस्तर लिहितो, आता शाळेची घंटा झाली.

केळीवाला रावेर

आमच्याकडे सुकी नदीत चमचम करणारी रेती असते उन्हात, लहानपणी आम्ही सोनं म्हणून खिशात भरायचो. ते काय असतं मग?

दगडवेडा धुळे

@केळीवाला ते बहुतेक अभ्रक असणार. ओळखायची सोपी खूण सांगतो, परात हातात फिरवा, अभ्रक एका बाजूने चमकतं आणि फिरवलं की विझतं, कारण तो आरशासारखा पापुद्रा असतो. सोनं सावलीत घ्या, उन्हात घ्या, कुठूनही बघा, पिवळं ते पिवळंच दिसतं. आणि सुईने टोचलं तर अभ्रकाचा पापुद्रा सुटतो, माक्षिक म्हणजे पिवळा चकचकीत खोटा दगड असतो त्याचा चुरा होतो, सोनं नुसतं दबतं, त्याला खळगा पडतो.

आता @मेहरूणकर तुमच्यासाठी. सगळा खेळ वजनाचा आहे. लिटरच्या बाटलीत पाणी भरलं तर ते एक किलो. तेवढ्याच जागेत नुसता गारेचा दगड बसवला तर २ किलो ६५० ग्रॅम. आपल्या नद्यांत काळी बारीक रेती असते, मॅग्नेटाईट, ती ५ किलोच्या वर. आणि सोनं १९ किलो ३०० ग्रॅम. इतका फरक असल्यावर पाण्यात हलवलं की जड ते खाली जाणारच. आपल्या आज्या तांदूळ रोळायच्या, आठवतंय? भांड्यात पाणी घालून गोल हलवत हलवत तांदूळ वरून काढून घ्यायच्या आणि खडे तळाला राहायचे. सोनं धुणं म्हणजे तेच, फक्त आजी वरचं ठेवायची आणि खालचं फेकायची, इथं वरचं सोडायचं आणि खालचं जपायचं. मुलीला आधी घरी तांदूळ रोळायला शिकवा, अर्धं काम झालं.

नदीवर गेल्यावर जागा निवडायची. पाणी जिथं दमतं तिथं जड माल पडतो, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या धोंड्याच्या मागे, कातळाच्या भेगांत, काठच्या गवताच्या मुळांत. वरची कोरडी रेती घेऊ नका, जरा खालची घ्या. परात पाऊण भरा, पाण्याखाली बुडवून चिखलाची ढेकळं हाताने पूर्ण फोडा (इथं घाई केली की सगळं वाया, मातीला चिकटलेला कण मातीबरोबरच जातो), मोठे गोटे धुऊन बाजूला टाका. मग परात सपाट धरून डावीकडे उजवीकडे जोरात हलवा, म्हणजे जड खाली बसेल. मग पुढची कड जराशी वाकवा आणि पाण्याच्या लाटेने वरचा थर हळूहळू जाऊ द्या. परत सपाट, परत हलवा, परत वाकवा. शेवटी चमचाभर काळी रेती राहते. त्यात घोटभर पाणी घेऊन परात सावकाश गोल फिरवली की काळ्या रेतीची लांब शेपूट होते आणि सगळ्यात जड जे काय असेल ते शेपटीच्या मागच्या टोकाला एकटं राहतं. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी अर्धा तास नुसता तेच करत बसलो होतो.

आणि हात बसलाय की नाही हे कसं कळणार, नदीत सोनं नसताना? त्याची युक्ती आहे. जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीचे छर्रे असतात, शिशाचे. दहा छर्रे घ्या, हातोडीने चपटे करा, रेतीत मिसळा आणि धुवा. शेवटी किती राहिले मोजा. शिसं पाण्याच्या ११.३ पट जड, म्हणजे सोन्यापेक्षा हलकं, त्यामुळे शिसं राखता आलं तर सोनं नक्की राखता येईल. दहापैकी दहा राहीपर्यंत सराव. फक्त शिसं आहे, नंतर साबणाने हात धुवायचे, त्या हाताने डबा खायचा नाही, आणि छर्रे नदीत सोडून यायचे नाहीत, म्हणून सराव घरी टबातच करा.

एक लोहचुंबक न्या, जुन्या स्पीकरमधला चालेल. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून काळ्या रेतीवर फिरवा, रेती उभी राहते नुसती. ही रेती त्या ६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातून सुटलेली आहे हे मुलीला सांगा. आणि गोटे टाकताना बघून टाका, गिरणेत अकीक सापडतात, पट्ट्यापट्ट्यांचे. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांमधे झिओलाईटचे स्फटिक होतात, जळगावचं हिरवं अपोफिलाईट तर परदेशात दगड जमवणाऱ्यांमधे प्रसिद्ध आहे, विहीर खोदताना नाहीतर दगडाच्या खाणीत निघतं. सिन्नरला गारगोटी म्युझियममधे हे सगळं बघायला मिळतं, एखादा रविवार तिकडे पण काढा.

यावलकर

मास्तरांनी छान लिहिलं पण जायच्या आधी हे वाचा, मी नदीकाठचाच आहे आणि मला यात गंमत नाही वाटत.

पहिली गोष्ट गिरणेचे खड्डे. वाळू उपसून उपसून पात्रात डोह झालेत, वरून पाणी गुडघाभर दिसतं आणि पुढच्या पावलाला माणूस जातो. दरवर्षी पोरं जातात. आमच्या ओळखीतला एक मुलगा असाच गेला, पोहता येत होतं त्याला. त्यामुळे जिथं तळ डोळ्यांनी दिसतो तिथंच बसायचं, आणि बसायचं म्हणजे काठावर बसायचं, परातीला घोट्याएवढं पाणी बास होतं. दुसरं, आवर्तन. हिवाळ्यात रब्बीसाठी गिरणा धरणातून पाणी सोडतात, कोरडं पात्र बघता बघता भरतं. जायच्या आधी काठच्या गावात कुणालाही विचारा आवर्तन सुटलंय का, सगळ्यांना माहीत असतं. तापीवर हतनूरचे दरवाजे उघडले की तसंच. पावसाळ्यात तर जायचा विचारही नको.

आता कायद्याचं. आपल्याकडे जमिनीखालचं आणि नदीतलं खनिज सरकारचं. सोनं तर गौण खनिजात पण येत नाही, १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्याखाली परवान्याशिवाय त्याचा शोध पण घेता येत नाही. न्यूझीलंडसारख्या छंदासाठी मोकळ्या जागा आपल्याकडे नाहीत. म्हणून सोनं शोधायला निघालो असं करू नका, मुलीला नदीची रेती दाखवायला, शिकवायला न्या. आणि वाळू! वाळू गौण खनिज आहे, जमीन महसूल संहितेच्या ४८ कलमात विनापरवाना उपशाला बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड आहे, गाडी जप्त होते ते वेगळंच. गिरणेवर महसूलची पथकं रात्रंदिवस फिरतात. घरी निवांत धुऊ म्हणून गाडीत दोन गोण्या टाकून आणल्या तर पथकाला तुमच्या लेकीचा प्रश्न समजावत बसाल. नदीतच घ्या, नदीतच धुवा, तिथंच परत टाका, खड्डा केला असेल तर बुजवा.

सातपुड्यात जायचं असेल तर पालकडचा भाग यावल अभयारण्यात येतो, तिथून दगड काय काडी पण उचलायची नाही. अनेर धरणाकडे पण अभयारण्यच. तिथं फिरायला जा, परात घरी ठेवून.

चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर आणि प्रकाशाला घाटापाशी काही लोक पाण्यात चाळण लावून बसलेले दिसतील. ते नाणी शोधतात, आणि अस्थी विसर्जनाच्या जागेची राख धुतात, आपल्यात मयताच्या तोंडात सोन्याचा मणी ठेवतात ना. ते त्यांचं पोट आहे आणि तिथं लोक दुःखात आलेले असतात. तिथं छंद म्हणून कुणी परात घेऊन बसू नये ही हात जोडून विनंती.

झारेकऱ्याची लेक

मी इथं फक्त वाचते, कधी लिहीत नाही. पण भाऊ तुमच्या मुलीचा प्रश्न वाचला आणि लिहावंसं वाटलं.

जळगावात सोनं धुतात. रोज धुतात. नदीत नाही, सराफ बाजाराच्या गटारात.

आम्ही झारेकरी. माझी आजी, आजीची आई, सगळ्या हेच करायच्या. सोनाराच्या कारखान्यात कानस मारताना, पॉलिश करताना, तार ओढताना सोन्याची धूळ उडते. ती कारागिराच्या कपड्याला लागते, पायाला लागते, चटईत जाते, हात धुतलेल्या पाण्यात जाते, आणि त्याच्या पायाबरोबर रस्त्यावर येते. आजी पहाटे साडेचारला कुंचा आणि घमेलं घेऊन निघायची, दुकानं उघडायच्या आत ओळीने दुकानांपुढचा रस्ता झाडायचा, फरशीच्या फटीतली माती खिळ्याने उकरायची, गटारातला गाळ काढायचा. दिवस वर यायच्या आत घरी. लोक नाक धरायचे हे मला आठवतं, शाळेत मुली माझ्याशेजारी बसायच्या नाहीत हे पण आठवतं. आणि आजी तो गाळ मोरीत बसून असा धुवायची, असा धुवायची, की मास्तरांनी वर लिहिलंय ना शेपूट, ती मी पाच वर्षांची असताना बघितलेली आहे. आम्ही तिला शेपूट म्हणत नव्हतो, आजी म्हणायची आता बोलायला लागलं.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी आणि दिवाळीच्या आधी आमची सुगी. आखाजीला आपल्याकडे सोनं घेतात, त्यामुळे कारखाने रात्रंदिवस चालतात. दिवाळीला कारखाने साफ करतात, तेव्हा झारेकरी कारखान्याचा वर्षाचा केर बोली करून विकत घेतात. जुन्या चटया, फडकी, लाकडाचे पाट जाळायचे आणि राख धुवायची. कधी कधी जुनी फरशी उखडतात तेव्हा खालची माती पण विकत घेतात. बोली चुकली तर झारेकरी बुडतो. आजीला केर चिमटीत घेऊन, चुरगाळून, त्यात किती निघेल ते सांगता यायचं, आणि ती गुंजेत सांगायची. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हा हिशोब मी शाळेच्या आधी तिच्याकडून शिकले.

एक सांगते आणि हे सगळ्यांनी नीट वाचा. धुतल्यावर जी काळी रेव राहते त्यातून लोखंडाचा कीस चुंबकाने काढतात, मग पारा घालून मळतात, पारा सोन्याला धरतो, मग तो गोळा फडक्यातून पिळून तापवतात, पारा उडतो आणि सोनं राहतं. तो उडालेला पारा कुठे जातो? आम्ही एका खोलीत राहायचो. माझ्या वडिलांचे हात चाळिशीतच थरथरायला लागले, चहाचा कप धरता यायचा नाही. तेजाबाचा धूर वेगळाच. मी बारावीनंतर पॅरामेडिकल केलं, तेव्हा पुस्तकात पाऱ्याची लक्षणं वाचली आणि पुस्तक मिटून ठेवलं. यूट्यूबवर पारा आणि ॲसिड घरी वापरून दाखवणारे व्हिडिओ आहेत, कृपा करून कुणी करू नका, मुलांसमोर तर नाहीच. परातीतलं सोनं चिमट्याने उचलता येतं तेवढंच उचला.

भाऊ, तुमच्या मुलीला सांगा गिरणेत सोनं नाही, पण जळगावात सोनं धुणारे हात आहेत. माझी आई आता सत्तरीला आली, काम सोडलंय, पण तिला विचारलं तर ती दाखवेल. खरंच दाखवेल. तिला आजवर कुणी शिकवा म्हणून विचारलेलं नाही.

दगडवेडा धुळे

ताई, मी वीस वर्षं वर्गात मुलांना सोन्याची घनता शिकवतो आणि जळगावच्या सराफ बाजारातून शंभरदा गेलो असेन, पण खाली बघितलं नाही. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. शक्य झालं तर माझ्या नववीच्या मुलांना पण घेऊन यायची इच्छा आहे, त्यांना मानधन द्यायची व्यवस्था मी शाळेकडून करतो, फुकट नको.

केळीवाला रावेर

ताई 'आता बोलायला लागलं' म्हणजे काय? रेती आवाज करते?

झारेकऱ्याची लेक

हो. चिखल आणि माती असेपर्यंत घमेलं मुकं असतं. सगळं हलकं निघून गेलं आणि जड बारीक रेव राहिली की पत्र्यावर सर्र सर्र असा आवाज येतो, तेव्हा हात एकदम हळू करायचा. आजीला शेवटी शेवटी मोतीबिंदू होता, ती आवाजावरच धुवायची.

मेहरूणकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रविवार गेले, आता लिहितो.

पहिल्या रविवारी कानळद्याकडे गिरणेवर गेलो. आदल्या दिवशी गावातल्या एकाला फोन करून विचारलं, आवर्तन नव्हतं. यावलकर तुमचं वाचून मी बायकोला आणि भाच्याला पण बरोबर घेतलं, एक जण सतत पोरीकडे बघेल म्हणून. तळ दिसत होता तिथंच बसलो. घरी टबात आठ दिवस छर्रे धुतले होते, सुरुवातीला दहातले चार राहायचे, शनिवारी रात्री नऊ आले, दहावा कुठे गेला ते शोधण्यात साडेदहा वाजले. नदीवर सोनं अर्थातच नाही. काळी रेती मात्र चिक्कार, पिशवीतल्या चुंबकाला अशी मिशीसारखी चिकटली की लेक ओरडलीच. तीन अकीक सापडले, एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, बोराएवढा. दुपारी भावाच्या शेतात तुराट्यांवर वांगी भाजून भरीत केलं आणि कळण्याची भाकरी, ते लिहिलं नाही तर बायको रागावेल.

दुसऱ्या रविवारी ताईंच्या घरी गेलो. ताईंची आई, लेक त्यांना आजी म्हणते आता, त्यांनी आधी ती न्यूझीलंडची हिरवी परात हातात घेतली, उलटी करून बघितली, कडेच्या रेघांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या चांगली आहे पण हिला आवाज नाही. मग आतून त्यांच्या सासूचं पत्र्याचं घमेलं आणलं, तळ घासून घासून कागदासारखा पातळ झालेला. ओळखीच्या कारखान्यातून पसाभर केर आणून ठेवला होता. अंगणात बसून धुवायला लागल्या, आणि खरं सांगतो, हात सत्तरीचे वाटतच नव्हते. पारा नाही, तेजाब नाही, ताईंनी आधीच बजावलं होतं. पंधरावीस मिनिटांनी त्यांनी लेकीला जवळ ओढलं आणि म्हणाल्या डोळे मीट, ऐक. मला काही कळलं नाही. लेकीला कळलं, ती म्हणाली सर्र झालं.

शेपटीच्या टोकाला तीन कण होते. आजींनी ओल्या काडीने उचलून तिच्या तळहातावर ठेवले. ती उन्हात गेली, सावलीत आली, परत उन्हात गेली, मास्तरांनी सांगितल्यासारखं. पिवळे ते पिवळेच. ते कण तिने परत घमेल्यात ठेवले, केर दुसऱ्याचा होता म्हणून, मी सांगितलं नव्हतं.

मास्तर, तुमच्या मुलांची तारीख ठरली की मला कळवा, आजींना ने-आण करायला माझी गाडी आहे. आणि चपटे केलेले तीसेक छर्रे उरलेत, कुणाला सरावाला हवे असतील तर सांगा, डबीत ठेवलेत, लहान मुलांपासून लांब.

केळीवाला रावेर

दहा मला ठेवा भाऊ. सोमवारी केळीची गाडी घेऊन जळगावला येतोय.